दहा तासांतले पावणेचार: क्रूझवरून उतरून कासीच्या द्राक्षमळ्यात

"उद्या कासीला जातोय," असं मी जहाजावरून आईला फोनवर सांगितलं, तर पलीकडून दोन क्षण शांतता. मग म्हणाली, "जहाजातून? काशीला?"

काशी नव्हे, कासी. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, मार्सेपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर असलेलं कोळ्यांचं छोटं बंदर. मागे द्राक्षमळे, एका बाजूला पांढऱ्या चुनखडीचे कडे आणि दुसऱ्या बाजूला तांबूस रंगाचा काप कानाय हा 394 मीटर उंचीचा कडा, सरळ समुद्रात उतरणारा. नावाच्या शेवटी 'स' लिहितात, पण गावात तो उच्चारत नाहीत. हे नीट लक्षात ठेवा. 'स' उच्चारून 'कासीस' मागितलंत, तर समोर जांभळं, गोड, काळ्या बेरीचं लिक्योर येण्याची शक्यता जास्त. त्याचा या गावाशी काही संबंध नाही, ते तिकडे वर बरगंडी प्रांतातलं.

पश्चिम भूमध्य समुद्रातल्या बऱ्याच क्रूझवर मार्सेचा मुक्काम असतो, आणि जहाजावरच्या सहलींच्या यादीत कासी हमखास दिसतं. स्वतःहून जायचं असेल तर हा लेख. आम्ही दोनदा गेलो. पहिल्या खेपेला सगळं चुकवलं, म्हणून दुसऱ्या खेपेचं सांगायला तोंड आहे.

आधी बघा, जहाज लागतंय कुठे

मोठं जहाज कासीच्या बंदरात मावत नाही. छोटी, शे-दोनशे प्रवाशांची जहाजं गावासमोर नांगर टाकतात आणि टेंडर बोटीने थेट धक्क्यावर सोडतात. तुमचं तसं असेल तर नशीबवान आहात, पुढचं वाहतुकीचं प्रकरण सोडून थेट वाइनकडे जा. बाकीच्यांचं जहाज मार्सेला लागतं. वेळापत्रकात नुसतं 'प्रोव्हान्स' (या सगळ्या प्रदेशाचं नाव) लिहिलं असेल तर चौकशी करा, कारण त्याच नावाखाली तुलाँलाही जहाजं लागतात. तुलाँ आणि मार्से एकाच रेल्वेमार्गावर, आणि कासी त्यांच्या मधे. त्यामुळे तुलाँहूनही जाता येतं, फक्त गाडी उलट दिशेची.

शेंगेन व्हिसा लागतोच. जहाज मधे ट्युनिशिया किंवा तुर्कस्तानला जाऊन परत शेंगेनमध्ये येणार असेल, तर व्हिसा मल्टिपल एंट्रीचा हवा. हे बंदरावर नाही, अर्ज भरताना बघायचं.

गणित उलटं मांडा

सगळ्यांचं घोडं इथेच अडतं. आपण म्हणतो, जहाज सकाळी 8 ला लागतंय, संध्याकाळी 6 ला सुटतंय, म्हणजे दहा तास! हे दहा तास तुमचे नाहीत. कागदावर शेवटून मागे मोजत या.

जहाज 6 ला सुटणार म्हणजे सगळ्यांनी साडेपाचच्या आत चढलेलं असायला हवं. काही कंपन्या आणखी आधीची वेळ देतात. ती रोजच्या पत्रकात छापलेली असते. आपण पावणेपाचला गँगवेवर, म्हणजे जहाजात चढायच्या शिडीवर, असायचं ठरवू. मार्सेचा क्रूझ टर्मिनल शहराच्या बराच उत्तरेला आहे. तिथून जोलिएत भागापर्यंत शटल बस असते, पण परतीला तिच्यासाठी रांग लागते. म्हणून जोलिएतला 4 वाजता पोहोचायचं. जोलिएत ते सें शार्ल हे मुख्य रेल्वे स्टेशन मेट्रोने दोनच थांबे, पण जिने, फलाट, तिकीट धरून वीस मिनिटं. म्हणजे गाडी 3:40 पर्यंत सें शार्लला यायला हवी. कासीहून गाडीला पंचवीस मिनिटांच्या आसपास लागतात, तर ती सव्वातीनच्या आधीची. आणि कासीचं स्टेशन गावात नाही! ते तीन किलोमीटरहून जास्त दूर, वर टेकाडाकडे आहे. तेव्हा अडीच वाजता बंदर सोडायचं.

जाताना हेच सरळ मोजा. 8 ला जहाज लागलं तरी उतरायची परवानगी, रांग, शटल, मेट्रो, गाडी, पुन्हा बस असं करत गावात पाऊल पडतं पावणेअकराला. पावणेअकरा ते अडीच. दहा तासांतले पावणेचार.

आता वाटेल की इतकं आधी का निघायचं. कारण या मार्गावर गाड्या दिवसा साधारण तासाला एक असतात. तुमची गाडी चुकली तर पुढची पकडून तुम्ही जेमतेम पाचला पाच मिनिटं कमी असताना जोलिएतला याल आणि सव्वापाच-साडेपाचला धापा टाकत जहाजावर. ही पुढची गाडी म्हणजे हातचं राखून ठेवलेलं नाणं, ते पहिल्या डावात वापरायचं नाही. फ्रान्समध्ये रेल्वेचे संप होतात. आदल्या संध्याकाळी रेल्वेच्या 'एसएनसीएफ कनेक्ट' या अॅपवर दोन्ही वेळच्या गाड्या बघा. संप दिसला तर कासी विसरून मार्सेच फिरा, किंवा जहाजाची सहल घ्या. जहाजाच्या सहलीची बस अडकली तर जहाज थांबतं. तुमच्यासाठी एकट्यासाठी थांबत नाही. पैसे त्याचेच मोजायचे असतात. माझं मत विचाराल तर सोबत वृद्ध किंवा लहान मूल असेल, तर ते पैसे मोजावेत.

आणखी एक. काही जहाजं घड्याळ स्थानिक वेळेप्रमाणे बदलत नाहीत. मोबाइल मात्र आपोआप बदलतो. उतरण्याआधी जहाजावरचं घड्याळ आणि मोबाइल ताडून बघा.

धक्का ते द्राक्षमळा

शटलने जोलिएतला उतरलात की आजूबाजूला जुने गोदी-धक्के दिसतात. हे मार्से म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातलं मार्सेलिस. 8 जुलै 1910 ला 'मोरिया' बोटीच्या पोर्टहोलमधून सावरकरांनी उडी मारली ती याच बंदरात. किनाऱ्याला लागल्यावर त्यांना पकडून पुन्हा ब्रिटिशांच्या हवाली केलं गेलं आणि ते प्रकरण पुढे हेगच्या लवादापर्यंत गेलं. आमचे काका शटलमधून उतरल्यावर पाच मिनिटं नुसते पाण्याकडे बघत उभे होते. घाई करा म्हणायचं धाडस माझ्याच्याने झालं नाही. तुमच्यासोबतही असं कुणी असेल, ती पाच मिनिटं गणितात धरा.

सें शार्लला तिकीट मशिनवर किंवा अॅपवर काढा, आणि परतीचंही तेव्हाच. गाडी तुलाँच्या दिशेची, प्रादेशिक, 'तेर' नावाची. जलद गाड्या कासीला थांबत नाहीत.

कासी स्टेशनच्या बाहेर गावात नेणारी बस मिळते. चालत उताराने पाऊण तास लागतो, वाट द्राक्षमळ्यांमधून जाते आणि सुंदर आहे. पण रस्ता अरुंद, गाड्यांचा, आणि तुमच्याकडे पावणेचार तास आहेत. बसच. टॅक्सी स्टेशनवर उभी असेलच असं धरून चालू नका.

वाइन आधी, बाकी सगळं नंतर

पहिल्या खेपेला आम्ही आधी बंदरावर फोटो काढले, आइस्क्रीम खाल्लं, बाजारात लव्हेंडरच्या पुरचुंड्या घेतल्या आणि रमतगमत वायनरीच्या फाटकाशी पोहोचलो तेव्हा 12 वाजून 5 मिनिटं झाली होती. फाटक बंद. आतून जेवणाच्या ताटांचा आवाज येत होता. पाटीवर लिहिलेलं: पुन्हा 2 वाजता. आमची परतीची वेळ अडीच. दोष पूर्ण आमचा. दक्षिण फ्रान्समध्ये 12 ते 2 हा जेवणाचा वेळ असतो आणि त्यात कुणी ढवळाढवळ करत नाही. पुण्यातल्या दुकानदारांना नावं ठेवणाऱ्यांनी इथे एकदा यावं.

म्हणून क्रम असा: जाण्याच्या आठ-दहा दिवस आधी ईमेल करून सकाळी 11 ची टेस्टिंगची वेळ घ्या. इंग्रजीत लिहिलं तरी चालतं, फक्त सुरुवात 'बोंजूर'ने करा. किती माणसं, आणि तुम्ही क्रूझवरून येताय, 12 ला निघणार, हे सांगा. रविवारी बरेच मळे बंद असतात. गावालगतची वायनरी निवडा. 'दोमेन द्यु बान्योल' गावाच्या अगदी जवळ आहे, 'क्लो सेंत माद्लेन' काप कानायच्या पायथ्याशी, मळा थेट समुद्रापर्यंत उतरलेला. वेळ मिळालीच नाही, तर गावातल्या वाइनच्या दुकानात वेगवेगळ्या मळ्यांच्या बाटल्या एकत्र मिळतात.

आता ही वाइन काय आहे ते थोडं समजून जा, म्हणजे टेबलाशी बसल्यावर मान डोलावण्यापलीकडे काही करता येईल.

फ्रान्सने 1936 मध्ये ठरावीक प्रदेशाच्या नावाला कायद्याचं संरक्षण द्यायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्याच तुकडीत कासीचं नाव होतं. मळे फार नाहीत: सुमारे 200 हेक्टर, डझनभर मालक. आजूबाजूचा सगळा प्रोव्हान्स गुलाबी रोझे वाइनसाठी प्रसिद्ध, पण कासी मुख्यतः पांढरी वाइन करतं. रोझे थोडी, तांबडी नावाला. पांढरीत मार्सान आणि क्लेरेत ही मुख्य द्राक्षं, सोबत युनी ब्लां, थोडी सॉव्हिनिऑन ब्लाँ. ही शेवटची आपल्या नाशिककडेही मुबलक लावतात, त्यामुळे ओळखीचा धागा हाताला लागतो. पण फरकही तिथेच कळतो. नाशिकला द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात, थंडी संपता संपता. इथे उन्हाळा अंगावर घेऊन ऑगस्टअखेर-सप्टेंबरात. तुमची क्रूझ सप्टेंबरातली असेल तर मळ्यात गडबड दिसेल, आणि कुणाला बोलायला वेळ नसेल.

जमीन चुनखडीची, उतारावर दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्यांची. कोकणातल्या किंवा मावळातल्या डोंगरउतारावरच्या शेतांचीच युक्ती, फक्त दगड पांढरा. वरून उत्तरेचा मिस्ट्राल वारा सुटतो. थंड, कोरडा, डोकं उठवणारा. प्रवाशांना तो शाप वाटतो, पण पानाफळांवरची ओल तो वाळवून टाकतो, बुरशी धरू देत नाही. समुद्राकाठच्या दमट हवेत द्राक्ष टिकवायचं तर असला वारा हवाच.

टेबलाशी बसलात की समोर तीन-चार पेले, प्रत्येकात दोन घोट. आमच्या समोरच्या बाईंनी आधी टेबलाच्या मधोमध मळ्यातला एक दगड ठेवला. अंड्याएवढा, पांढरा, खडूसारखा हाताला लागणारा. म्हणाल्या, आधी हा हुंगा. आम्ही एकमेकांकडे बघितलं, हुंगला. धुळीचा, कोरडा, पहिल्या पावसाआधीच्या अंगणासारखा वास. मग वाइन. पेला देठाला धरायचा, वाटीला नाही, नाहीतर हाताच्या उबेने वाइन गरम होते. एकदा गोल फिरवा, नाक आत घाला, मग छोटा घोट घेऊन तो तोंडात सगळीकडे फिरवा. आधी लिंबाच्या सालीसारखं काहीतरी, मग पिअरसारखा मऊपणा (तो मार्सानचा), आणि शेवटी जिभेच्या कडेला बारीकशी खारट चव. ती खारट चव चाखायलाच इथे यायचं. दगडाचा वास आणि तो घोट यांचा संबंध मला तरी तिथे बसल्यावर लागला, आधी पुस्तकात वाचून लागला नव्हता.

टेबलावरचं भांडं थुंकण्यासाठी असतं. वापरा, त्यात उद्धटपणा नाही. सगळे घोट गिळले तर दुपारच्या गणिताचे बारा वाजतील. जहाजावर नाश्ता नीट करून या. गोड आवडत असेल तर आधीच सांगतो, ही वाइन कोरडी आहे, तोंड वाकडं होऊ शकतं. आवडली नाही तर तसं सभ्यपणे म्हणा, कुणी रागावत नाही. टेस्टिंग कुठे मोफत असतं, कुठे थोडं शुल्क. मोफत असेल तर निदान एक बाटली घ्यावी, ही रीत आहे. साधारण 15 ते 25 युरोत चांगली बाटली मिळते.

जेवण: पाटवडी सापडते

सव्वाबाराला बंदरावर या. फ्रेंच जेवणाची वेळ गाठायचीच, दीडनंतर स्वयंपाकघरं आवरायला लागतात. धक्क्यावरच्या पहिल्या ओळीतली रेस्टॉरंटं देखाव्याचे पैसे घेतात, एक गल्ली मागे गेलात की खिसा वाचतो. मासे खाणाऱ्यांना काही शिकवायची गरज नाही: दिवसाचा मासा, भाजलेला, वर ऑलिव्ह तेल, सोबत एक पेला कासी. हिवाळ्यात आलात तर जिवंत समुद्री अर्चिन फोडून देतात, आतला नारिंगी भाग चमच्याने खायचा. बुयाबेस हे माशाचं प्रसिद्ध कालवण निवांतपणे खायची गोष्ट आहे, पावणेचार तासांत बसत नाही.

शाकाहाऱ्यांनी एक शब्द ध्यानात ठेवावा: पानीस. आमच्या काकू दोन दिवस जहाजावर ब्रेड आणि सॅलडवर होत्या. इथे तळलेल्या पिवळ्या चकत्यांची बशी आली, काकूंनी एक मोडून बघितली, तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "अगं, ही तर पाटवडी! फोडणी विसरलेत." खरंच तसंच आहे. चण्याचं पीठ पाण्यात शिजवून घोटायचं, थापून गार करायचं, कापून तळायचं. मार्सेच्या परिसरातला हा जुना पदार्थ. वर मीठ-मिरपूड. काकूंनी पर्समधून चटणीची पुडी काढली आणि मी दुसरीकडे बघितलं.

उलट सावध राहा तापनादपासून. ब्रेडवर लावलेला काळा ऑलिव्हचा लेप शाकाहारी दिसतो, पण त्यात बहुतेक वेळा अँचोव्ही मासा वाटलेला असतो. ऑर्डर देताना 'सां व्यांद, सां प्वासों' म्हणा, म्हणजे मांस नको, मासा नको. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हटलं तर मासा चालतो असं समजणारे भेटतात.

बोट, वारा असेल तर नाही

कासीच्या पश्चिमेला चुनखडीच्या कड्यांमध्ये समुद्र चिंचोळा होऊन आत शिरलाय. या खाड्यांना कालांक म्हणतात, आणि 2012 पासून तो भाग राष्ट्रीय उद्यान आहे. बंदरावरूनच फेरीबोटी निघतात: तीन कालांक, पाच, आठ, अशा. तुमची तीनची. पाऊण तास लागतो. पोर मिऊ, पोर पँ, आं वो. पोर मिऊ किलोमीटरभर आत गेलेली, शिडाच्या होड्यांनी भरलेली. तिथे पूर्वी दगडाची खाण होती, तिच्या खुणा बोटीतून दिसतात. आं वो सगळ्यांत देखणी, उभे सुळके आणि तळ दिसणारं पाणी. बोटीतून उतरू देत नाहीत, त्यामुळे पोहण्याची स्वप्नं बघू नका.

गावात पोहोचल्या पोहोचल्या बोटींच्या तिकीटखिडकीवरची पाटी वाचा. मिस्ट्राल किंवा पूर्वेचा वारा जोरात असेल तर फेऱ्या रद्द होतात, आकाश कितीही निळं असलं तरी. पहिल्या खेपेला आमचं तेही झालं. रद्द असेल तर बंदराजवळून निघणारी छोटी पर्यटक आगगाडी घ्या, ती रस्त्यावरून पोर मिऊच्या बाजूला नेऊन आणते. काकांसारख्या गुडघेदुखीवाल्यांना तर वारा नसतानाही तीच बरी.

ज्यांचे पाय शिवशिवतात त्यांना: पोर मिऊपर्यंत चालत अर्धा तास पुरतो. आं वोपर्यंत एका बाजूचाच दीड तास, वाट घसरडी, तेव्हा क्रूझच्या दिवशी नको. उन्हाळ्यात वणव्याच्या धोक्यामुळे या वाटा काही दिवशी बंदही असतात. काप कानायवर गाडीशिवाय चढू नका. पोहायचंच असेल तर बंदराला लागून असलेला किनारा आहे, वाळू आणि बारीक गोट्यांचा. चपला घालूनच पाण्यात जा. थोडं पुढचा बेस्तुआंचा किनारा गोट्यांचा, आणि तिथे जमिनीखालून गोडं पाणी समुद्रात येतं, त्यामुळे ऐन उन्हाळ्यात पाणी बर्फासारखं लागतं.

वाइन, जेवण, बोट. बस्स. यात बाजारही घुसवायचा मोह होईल (बुधवारी आणि शुक्रवारी सकाळी भरतो), किनाराही, किल्लाही. तो वरचा किल्ला खासगी आहे, बाहेरूनच बघायचा. एक ना धड भाराभर चिंध्या होतात, हे आम्ही करून बघितलंय.

परत, बाटल्यांसकट

अडीचला घड्याळात गजर लावा आणि वाजला की उठा. स्टेशनकडे जाणारी बस कुठून सुटते ते सकाळी उतरतानाच बघून ठेवा. उतरण्याची आणि चढण्याची जागा एकच असेल असं नाही.

जहाजावर चढताना बॅग एक्स-रेमधून जाते आणि बाटली दिसतेच. बहुतेक कंपन्या ती ताब्यात घेऊन पावती देतात आणि सफरीच्या शेवटच्या रात्री केबिनमध्ये आणून देतात. काही ठिकाणी एखादी बाटली जेवणाच्या टेबलावर उघडू देतात, पण कॉर्केज, म्हणजे बाटली उघडण्याचं शुल्क, लावतात. नियम कंपनीगणिक वेगळे, तेव्हा आधी वाचा. लपवून न्यायचा प्रयत्न करू नका.

भारतात परतताना प्रौढ माणशी 2 लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येतं. 750 मिलीच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर. तिसरी घेतली की सव्वादोन लिटर होतात आणि शुल्क लागतं. म्हणून माणशी दोनच. विमानात त्या चेक-इन बॅगेतच, मधोमध, चारी बाजूंनी कपडे. बबल रॅपपेक्षा जुनी सुती साडी भारी: काकूंच्या दोन साड्यांत आमच्या चार बाटल्या मुंबईपर्यंत टिचल्या नाहीत.

त्यातली शेवटची परवा डोंबिवलीत उघडली, कुरकुरीत तळलेल्या बोंबलांबरोबर. काकूंनी आमच्यासोबत बसून पाटवडी खाल्ली, या वेळी फोडणीसकट.